छावणीतील ताफा आणि शाळेतील तत्कार

अबुल फजलाने अकबराच्या साम्राज्याचा जो अफाट तपशील 'आइन-ए-अकबरी'त नोंदवून ठेवला आहे, त्यात वऱ्हाड सुभ्याच्या जमाबंदीत, नरनाळा सरकारच्या महालांमध्ये, बाळापूरचे नाव येते. आणि त्याच ग्रंथात, पुष्कळ पाने उलटून गेल्यावर, संगीताच्या प्रकरणात, नाचण्यागाण्यावर उपजीविका करणाऱ्या मंडळींची एक यादी येते. पखवाज, रबाब आणि टाळ यांच्या साथीने नाचणारे नटवे त्या यादीत आहेत, लहान मुलांना स्त्रीवेष देऊन कृष्णलीला गाणारे ब्राह्मण कीर्तनिये आहेत, आणि ज्यांचे पुरुष वाद्ये वाजवितात व स्त्रिया गातात-नाचतात अशा कंजरीही आहेत, ज्यांना खुद्द बादशहाने कांचनी हे नवे नाव दिले. गावाचा वसूल आणि नर्तकांचा धंदा या दोन्ही गोष्टी एकाच दप्तरात, एकाच लेखणीने उतरल्या. पण वसूल गावाच्या नावापुढे लिहिला गेला आणि नर्तकांपुढे कोणत्याही गावाचे नाव पडले नाही, कारण त्यांचे ठिकाण म्हणजे दरबार जिथे असेल ते. वऱ्हाडातील नृत्याच्या इतिहासाचे मर्म मला या मांडणीत दिसते. अभिजात नृत्य या प्रांतात सत्तेबरोबर येत असे, सत्तेचा मुक्काम हलला की हलत असे, आणि ते येथे वस्तीला आले ते पुष्कळ शतकांनंतर, शाळेच्या दाराने.

मोगलांच्याही आधी एक काळ होता. बाळापूरच्या दक्षिणेस असलेले वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आणि त्या शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून भिक्षुसंघास अर्पण केले, हे त्या लेण्यातील शिलालेखावरून सिद्ध आहे. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या भित्तिचित्रात, वैराग्याकडे वळलेल्या राजाचे मन संसारात परत गुंतावे म्हणून मांडलेला नृत्याचा प्रसंग आहे. मध्यभागी लांब बाह्यांचे वस्त्र ल्यालेली नर्तकी कमरेत वळून उभी आहे, तिच्या दोन्ही हातांच्या बोटांना निश्चित आकार आहे, आणि भोवती केवळ स्त्रियांचाच वाद्यवृंद आहे, ज्यात बासऱ्या आहेत, टाळ आहेत, मृदंग आहे आणि उभे ठेवून वाजविण्याचे ढोलही आहेत. हा वृंद पाहिला की साथीची पूर्ण व्यवस्था, म्हणजे स्वर कोणाकडे, लय कोणाकडे आणि टाळी कोणाकडे याची वाटणी, पंधराशे वर्षांपूर्वी ठरून गेली होती याविषयी शंका उरत नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात हाच विषय दगडात उतरला आहे: सहा वादक स्त्रिया आणि त्यांच्यामध्ये नर्तकी.

पुढे देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघणाच्या दरबारी, शार्ङ्गदेव नावाचा विद्वान श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे दप्तर त्याच्या हाताखाली असे. या हिशेबनिसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्याचा सातवा अध्याय संपूर्णपणे नर्तनाला दिला. गाणारा-वाजविणारा नसलेल्या वाचकालाही या अध्यायाचे महत्त्व कळेल असे एक कारण आहे: ग्रंथकाराने भरताच्या नाट्यशास्त्रातून आलेल्या मार्गी पद्धतीबरोबरच आपल्या काळात देशोदेशी चाललेल्या देशी नृत्यांचीही दखल घेतली, आणि त्यांत पायांत घागऱ्या बांधून त्यांच्या नादावर लय खेळविणाऱ्या पेरणी नर्तकाचे वर्णन केले. घुंगरांच्या नादावर हुकूमत चालविणारी जी कला आज उत्तरेकडील कथकाचे वैशिष्ट्य मानली जाते, तिची एक जुनी खूण अशा रीतीने दक्षिणेत, मराठी मुलखाच्या राजधानीत लिहिलेल्या ग्रंथात मिळते.

परंतु भिंतीवर चित्र राहणे आणि ग्रंथात लक्षण राहणे म्हणजे नृत्य राहणे, असे मला म्हणता येत नाही. अजिंठ्याच्या चित्रांचाच पुढचा वृत्तांत पाहा. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, त्या विलायतेस गेल्या आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक भस्मसात झाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे एतद्देशीय विद्यार्थी यांनी १८७२ पासून तेरा वर्षे तेच काम पुन्हा केले, त्या प्रतिकृतीही साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पोहोचल्या, आणि १८८५ मध्ये तेथेही आग लागून त्यांतील कितीतरी नष्ट झाल्या. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे; त्याचे कोरीव लाकूड आणि झुंबरे पाहताना केळकरांच्या चिकाटीपुढे मस्तक नमते. संग्रहालयाने नृत्याचे घर सांभाळावे, वाद्ये सांभाळावीत, हस्तलिखिते सांभाळावीत, हे त्याचे पवित्र कर्तव्य आहे. नृत्य मात्र एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जावे लागते, आणि ते जाण्याची सोय खंडित झाली की उरलेल्या सर्व वस्तू, कितीही मोलाच्या असोत, मूक होतात.

आता बाळापूरकडे येऊ. चांदबिबीशी झालेल्या तहाने १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले आणि शहाजादा मुराद याने बाळापूरजवळ शहापूर वसवून तेथे आपले ठाणे केले. तेव्हापासून शेसव्वाशे वर्षे बाळापूर हे दख्खनच्या राजकारणातील मोक्याचे ठिकाण राहिले. मलिक अंबरावर चालून जाणाऱ्या मोगल फौजा येथून निघाल्या. १७२० च्या ऑगस्टात निजामुल्मुल्काने आलम अलीखानाचा पराभव करून दख्खनवर आपला हक्क बसविला तो याच गावाच्या परिसरात. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील उंचवट्यावर औरंगजेबाचा पुत्र आजमशहा याने आरंभिलेला किल्ला एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला. विटांचे हे बांधकाम इतके जातिवंत आहे की पावसाळ्यात नद्यांचे पाणी चढून किल्ला जवळजवळ वेढला जात असतानाही त्याचा तट टिकून राहिला. मोगली छावणी म्हणजे चालते शहरच असे. तिच्यात सराफ असत, शिकलगार असत, आणि नाचगाण्याचे ताफेही असत. ताफा येई, बिदागी घेई आणि फौजेचा कूच झाला की तंबूंबरोबर निघून जाई.

गावाच्या दक्षिणेस नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून प्रसिद्ध असलेली दगडी छत्री आहे. तिचे कोरीव खांब आणि कमानी पाहून एखादा उत्साही माणूस कथकाच्या जयपूर घराण्याचा धागा थेट बाळापूरला आणून बांधील, आणि असे धागे बांधण्याची हौस आपल्याकडे थोडी नाही. पण मिर्झाराजे बऱ्हाणपुरास वारले १६६७ मध्ये आणि जयपूर शहर वसले १७२७ मध्ये, दुसऱ्या जयसिंगाच्या हातून, तेव्हा घराण्याच्या नावाचा हा संबंध कालगणनेलाच मान्य नाही. खरा संबंध निराळा आहे आणि मला तो अधिक रमणीय वाटतो. 'सतसई'कार बिहारी हा मिर्झाराजांच्याच आश्रयाचा कवी. त्याच्या दोह्यांतील नायिका, त्यांचे रुसवे, त्यांचे नेत्रपल्लवीचे संवाद, यांवर कथकाच्या भावदर्शनाचे भरणपोषण पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे. ज्या सरदाराची स्मृती बाळापूरच्या नदीकाठी दगडात उभी आहे, त्याच्या औदार्यातून निघालेली कविता आजही नर्तकीच्या भुवईवर उमटते.

बाळापूरच्या धार्मिक जीवनातून या कलेला आश्रय मिळणे कठीण होते. गावातील प्रसिद्ध खानकाह नक्षबंदी परंपरेची. या सूफी पंथाचा जप मौन असतो, आणि चिश्तींप्रमाणे समाची, गायनाच्या तल्लीनतेची, वाट तो धरीत नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेली बाळादेवी ही गावाची अधिष्ठात्री. पण वऱ्हाडात देवीपुढे उभा राहतो तो संबळ-तुणतुण्याचा गोंधळ, दिवटीच्या उजेडातला, आणि त्याची थोरवी वेगळ्या जातीची आहे. दक्षिणेतील मंदिरांप्रमाणे नर्तकींना वतन लावून देण्याची व्यवस्था येथे रुजली नाही.

मग सत्ताच उठून गेली. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दोअमलीत वऱ्हाडची रयत पिळून निघाली, १८०३ मध्ये अडगावच्या लढाईने आणि देवगावच्या तहाने भोसल्यांचा हात येथून सुटला, १८५३ मध्ये प्रांत कंपनीच्या कारभारात गेला, आणि १८६० नंतर लोहमार्ग आला तो बाळापूरला टाळून पारसवरून अकोल्यास गेला. व्यापार अकोल्याला, कचेऱ्या अकोल्याला. एके काळी कागद आणि विणकाम यांसाठी नावाजलेले गाव तालुक्याच्या ठिकाणापुरते उरले. बिदागी देणारा दरबार मोडला आणि नाचाविरुद्धची चळवळ उभी राहिली, ही दोन्ही संकटे कलेवर एकाच अर्धशतकात आली. मद्रासेत १८९० नंतर नाचविरोधी अर्ज गव्हर्नरकडे जाऊ लागले. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. ज्या स्त्रियांच्या आयुष्याची विटंबना थांबावी म्हणून हे झाले, त्यांच्या दुःखाविषयी कोणाचे दुमत असणार नाही. तरीही त्यांच्याजवळ असलेल्या विद्येचे काय करावे याचा विचार सुधारकांनी केला नाही, आणि ती विद्या त्यांच्या हातून काढून घेताना त्यांचे नाव राखले नाही, हा दोष इतिहासाने नोंदविलाच पाहिजे.

गाण्याची गोष्ट निराळी झाली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून गायनाला वर्ग, फळा, वेळापत्रक आणि परीक्षा दिली, आणि सभ्य घरातील मुलगी तंबोरा घेऊन बसू शकेल अशी परिस्थिती निर्माण केली. नृत्याला हे भाग्य एका पिढीनंतर लाभले. तोपर्यंत वऱ्हाडातील मुलीच्या पायांना लय शिकविणारी एकच संस्था होती, आणि ती म्हणजे भुलाबाई. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर, संध्याकाळी, घरोघर भुलाबाईपुढे टिपऱ्यांचा ठेका धरणे, गाण्याच्या शेवटच्या ओळीवर सर्वांच्या टिपऱ्या एकदम पडणे, आणि मग झाकलेला खाऊ ओळखणे. हे शास्त्रीय नृत्य नव्हे. परंतु समेवर एकत्र येण्याचा जो आनंद पुढे तीनतालात मिळतो, त्याचा पहिला संस्कार या अंगणात होत असे, आणि ज्या मुलींना तो झाला त्यांच्या पायाला गुरूला फार शिकवावे लागत नाही, असे शिकविणारी मंडळी आजही सांगतात.

१९३६ हे साल येथे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि ऑलिंपिकच्या वेळी त्याने हुतुतूसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत मादाम मेनका यांच्या संचाने पारितोषिके मिळविली. मेनका मूळच्या बंगालच्या, लीला रॉय. हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईस आल्या, आणि खंडाळ्याला त्यांनी नृत्यालय काढले. त्यांच्या तालमीत वाढलेली दमयंती जोशी ही मराठी मुलगी पुढे कथकाची थोर कलावती झाली. वऱ्हाडी मल्ल आणि मेनकांच्या नर्तकी एकाच वेळी परदेशात उभ्या राहिल्या. पण मल्ल परत आले तेव्हा गावोगाव आखाडे त्यांची वाट पाहत होते, आणि नर्तकींची वाट पाहणारी शाळा वऱ्हाडात एकही नव्हती.

शाळा उभ्या राहिल्या त्या इतरत्र. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती स्थापन केली आणि लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून घेतलेली विद्या मध्यमवर्गीय मराठी घरांत नेली. त्यांच्या व्रतस्थ आयुष्याविषयी लिहावे तितके थोडे. बडोद्यात १८८० मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला, तेव्हा तिच्याबरोबर तंजावरी नर्तकी आणि नट्टुवनार आले आणि संस्थानच्या कलावंत कारखान्यात त्यांची नेमणूक झाली. त्या संचातील कांतिमतीचा मुलगा कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात भरतनाट्यम्‌चा अध्यापक झाला. आई दरबारच्या नेमणुकीवर आणि मुलगा विद्यापीठाच्या वेतनावर, असे सगळे स्थित्यंतर एका घरात घडले. तंजावरच्या सरफोजीराजांनी मराठीत रचलेली निरूपणे, एका रागात आणि एका तालात गुंफलेली अठरा अंगांची नृत्यरचना, सरस्वतीमहालाच्या ग्रंथालयात निजली होती. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी ती अभ्यासून पुन्हा रंगमंचावर उभी केली. पोथी ग्रंथालयाने राखली आणि प्राण गुरूने घातला, हे संग्रहालय आणि शाळा यांच्या सहकार्याचे माझ्या माहितीतील सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

वऱ्हाडाच्या वाट्याला मात्र या बाबतीत एक चुटपुट आली. मध्य प्रांत व वऱ्हाड हे एका राज्यात होते तोवर खैरागड आपल्याच राज्यात होते. तेथील राजे वीरेंद्रबहादुरसिंह आणि राणी पद्मावती यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या, इंदिरेच्या, स्मरणार्थ राजवाडा दान केला आणि तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १४ ऑक्टोबर १९५६ रोजी सुरू झाले. महालात नृत्य येते आणि जाते. येथे महालच शाळा झाला, आणि नृत्याचा मुक्काम कायम झाला. पण १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली, वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, आणि जन्मून अठराच दिवस झालेले हे विश्वविद्यालय आपल्या दृष्टीने परराज्यात पडले.

ती उणीव काही अंशी भरून काढली ती परीक्षांनी. पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्यपरीक्षा, प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारापर्यंत, तालुक्याच्या गावातील मुलीलाही अकोल्यास वा अमरावतीस जाऊन देता येतात. या परीक्षेचे एक अंग मला फार मोलाचे वाटते. कथकाच्या परीक्षार्थिनीला नाचण्यापूर्वी पढंत करावी लागते: हाताने ताल धरून बोल मुखाने म्हणावे लागतात. तीनतालात पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर टाळी, नवव्या मात्रेवर हात पालथा करून खाली, तेरावीवर पुन्हा टाळी. आणि त्यावर तत्काराचे बोल, 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्'. 'ता'ला उजवा पाय पडतो, 'आ'ला डावा. म्हणजे आठ मात्रांत दोन्ही पायांना पुढाकाराची सारखी संधी मिळते. बरोबरीच्या लयीत हे सोपे भासते. दुगुनीत श्वास लागतो. चौगुनीत घुंगरांचा एकही दाणा मागे राहिला तर ऐकणाऱ्याला तत्काळ कळते, आणि तिहाईचा तिसरा फेरा समेवर पडला नाही तर लपवायला जागा नसते. अक्षरओळख नसलेल्या ताफ्यातील नर्तकीला जे मुखोद्गत होते, ते आता शाळेतल्या मुलीला मुखोद्गत करावे लागते. वहीतील लिपी मदतीला असते, पण अधिकार मुखाचा आणि पायाचा.

अलीकडे शास्त्रीय कलांच्या अशा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत वाढीव गुण देण्याचा शासनाचा निर्णय झाला. त्यामुळे वर्गांत गर्दी वाढली, हे चांगले. पण गुण पदरात पडताच घुंगरू माळ्यावर जातात, हे वाईट, आणि त्याचे खापर मुलींवर फोडण्यात अर्थ नाही. दहावीनंतर नृत्य करायचे कोठे आणि कोणापुढे, याचे उत्तर गावाने दिलेले नसते. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या स्पिक मॅके चळवळीने श्रेष्ठ कलावंतांना शाळा-महाविद्यालयांच्या साध्या सभागृहात नेऊन बसविले आणि विद्यार्थ्यांना हाताच्या अंतरावरून ती कला दाखविली; तशी दृष्टी तालुक्यांना हवी आहे. स्नेहसंमेलनात चित्रपटातील गाण्यावर बसविलेला नाच आणि वर्षभराच्या रियाजातून आलेला तोडा यांतला भेद गावाला कळावा, तर दुसरा प्रकार गावाने वारंवार पाहिला पाहिजे.

म्हणून बाळापूरच्या शाळाचालकांना आणि नगरपरिषदेला माझी विनंती आहे. एखाद्या शाळेत एक प्रशस्त, सपाट फरशीची खोली नृत्यासाठी राखून ठेवावी. आठवड्यातून निदान दोन दिवस वर्ग चालवावा, मुलगे-मुली दोघांनाही खुला. शिक्षकाला प्रसंगापुरती बिदागी न देता नियमित वेतन द्यावे, कारण बिदागीवर ताफा चालतो, विद्या चालत नाही. आणि पुरातत्त्व खात्याची अनुमती घेऊन वर्षातून एक संध्याकाळ, नदीचे पाणी उतरल्यावर, जयसिंगाच्या छत्रीजवळच्या मोकळ्या जागेत या मुलांचे नृत्य गावापुढे व्हावे, ज्यात परीक्षक नसावा आणि गुणपत्रिकाही नसावी. यासाठी लागणारी रक्कम मोठी नाही. ती येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात घालावी.